दिवे लागल्यावर सुरू होणारा सिनेमा

व्यापाराच्या नकाशातली परभणी

हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात विलीन झालं. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. परभणीतल्या शाळकरी पोरालाही हे ठाऊक असतं, कारण मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन तो दरवर्षी करतो. चित्रपटाच्या धंद्याने मात्र हा इतिहास अजून पुरता मनावर घेतलेला नाही. हिंदी चित्रपटांच्या वितरणासाठी देशाचे जे इलाखे पाडलेले आहेत, त्यांत परभणी आजही ‘निझाम’मध्ये मोडते. मुंबई-पुणे मुंबई इलाख्यात, विदर्भ सीपी-बेरारमध्ये, आणि मराठवाडा तेलंगणाबरोबर, बिदर-गुलबर्गा-रायचूरच्या पंगतीत. राज्यं बदलली, भाषावार प्रांत झाले, मनमाड-सिकंदराबाद मार्गावरचे मीटरगेज रूळ जाऊन ब्रॉडगेज आले. चित्रपटांच्या हक्कांचे सौदे करताना धरायची हद्द मात्र तीच राहिली.

या तपशिलाचे परिणाम दूरवर जातात. निर्माता आपल्या चित्रपटाचे हक्क इलाख्यानुसार देतो आणि कुठल्या गावी कुठला पडदा मिळवायचा हे वितरक ठरवतो. मराठी बोलणारा मुलूख अशा रीतीने तीन इलाख्यांत वाटला गेला. मोठ्या हिंदी चित्रपटाला त्याचं काही वाटत नाही, त्याची माणसं सगळीकडे असतात. कमी भांडवलात, ओळखीचे चेहरे न घेता केलेल्या मराठी चित्रपटाची गोष्ट निराळी. त्याच्याकडे जाहिरातीला पैसे थोडे असतात, म्हणून तो पहिल्या आठवड्याचा जोर मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, कोल्हापूर इथेच लावतो. परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड यांचा विचार दुसऱ्या आठवड्यावर ढकलला जातो, आणि असे कितीतरी चित्रपट दुसरा आठवडा पाहतच नाहीत.

‘विचार करायला लावणारा सिनेमा’ हा या अंकाचा विषय. अशा विषयावरचा लेख बहुधा थोर चित्रपटांच्या यादीकडे जातो. यादी करणं सोपं आहे, आणि ती करणारे जाणकार पुष्कळ आहेत. या लेखात तोच विषय एका जिल्ह्याच्या जागेवरून पाहायचा आहे. कर्ज, पाऊस, जात, लग्नाचा बाजार, ऊसतोडीचं स्थलांतर हे ज्या चित्रपटांचे विषय, ते विषय परभणी जिल्ह्यात घरोघरी जगले जातात. मग ते चित्रपट आणि ती माणसं यांची गाठ का पडत नाही? ‘इथल्या लोकांना असलं काही नको असतं’ हे याचं रूढ उत्तर आहे. ते चुकीचं आहे, असं माझं म्हणणं आहे. गंभीर सिनेमाला परभणीत प्रेक्षक आहे. तिथवर जाणारी वाट मोडकी आहे, आणि चित्रपट संपल्यावर त्याविषयी चारचौघांत बोलण्याची जागा उरलेली नाही. असा सिनेमा पडद्यावर निम्माच घडतो. उरलेला निम्मा दिवे लागल्यावर, पाहणाऱ्यांच्या बोलण्यात घडतो.

शो कसा लागतो

पूर्वी चित्रपट म्हणजे रिळांच्या पेट्या. प्रत काढायला खर्च येई, म्हणून प्रती मोजक्या निघत. त्या आधी मोठ्या शहरांत फिरत आणि ओरखडे पडून, तुकडे जोडून लहान गावांना पोचत. डिजिटल प्रक्षेपण आल्यावर ही अडचण संपली. चित्रपट उपग्रहावरून किंवा हार्ड डिस्कवर येतो आणि मुंबईत व परभणीत एकाच शुक्रवारी लागू शकतो. तंत्राचा अडसर गेला, पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली. प्रत गावात आलेली असे तेव्हा ती आठवडाभर तरी चालवली जाई. आता चालत नसलेला शो काढून त्या जागी दुसरा लावायला काहीच कष्ट पडत नाहीत. शुक्रवार, शनिवार, रविवार या तीन दिवसांची तिकीटविक्री चित्रपटाचं भवितव्य ठरवते. ज्या चित्रपटाची कीर्ती एकाने दुसऱ्याला सांगून वाढायची असते, त्याला हे तीन दिवस पुरत नाहीत. सेलूच्या माणसाने पाहावा, त्याने सोमवारच्या बाजारात मानवतच्या पाहुण्याला सांगावं, तोवर पोस्टर उतरलेलं असतं.

वेळेचा प्रश्न तर त्याहून मोठा. अशा चित्रपटाला मिळालाच तर दुपारचा एखादा शो मिळतो. दिवाळीच्या आगेमागे या जिल्ह्यात कापसाची वेचणी चालू असते. बाया सकाळी रानात जातात, किलोवर मजुरी घेतात आणि दिवस मावळताना परततात. सोयाबीनची मळणी, तुरीची राखण, रब्बीची पेरणी अशी कामं एकापाठोपाठ लागलेली असतात. तालुक्याच्या गावातला शिक्षक त्या वेळी वर्गात असतो, दुकानदार गल्ल्यावर असतो, आणि रात्रीचा शो पाहून खेड्यावर परतायला एसटी नसते. दुपारच्या रिकाम्या खुर्च्या मोजून ‘परभणीत असा सिनेमा चालत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. प्रेक्षक येऊच शकत नाही अशा वेळी शो लावायचा आणि तो आला नाही म्हणून त्याच्या अभिरुचीला दोष द्यायचा, हा पुरावा कुठल्याही न्यायात टिकणार नाही.

सरकारला या अन्यायाची थोडी जाणीव झाली होती. २०१५ साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्सनी संध्याकाळच्या मुख्य वेळेत मराठी चित्रपट दाखवावा असा आग्रह धरला. बराच वाद झाल्यावर ती वेळ दुपारी बारापासून रात्री नऊपर्यंत ऐसपैस करण्यात आली. त्या नियमाची लढाई मल्टिप्लेक्सच्या पडद्यांसाठी, म्हणजे मुख्यतः मोठ्या शहरांसाठी होती. जिथे एकपडदा चित्रपटगृहंच एकेक करून बंद पडत आहेत, जागेला भाव आला की टॉकीजचं संकुल होतं, तिथे या नियमाने काहीही हललं नाही.

लोकांना करमणूकच हवी असते, हा आक्षेप इथे येणारच. त्याला उत्तर म्हणून एकाच दिग्दर्शकाचे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहावेत. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ रोजी आला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, जाणकारांनी गौरवलं, पण त्याचा फेरा मर्यादित राहिला. त्यांचाच ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी आला आणि शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. दोन्हींचा गाभा एकच आहे: जातीने आखलेली रेघ ओलांडू पाहणारं कोवळं मन आणि त्याची शिक्षा. गाण्यांनी आणि प्रेमकथेने गर्दी खेचली हे मान्य करायलाच हवं. पण त्या गर्दीने शेवटची काही निःशब्द मिनिटंही पाहिली. रक्ताचे पाय उमटवत निघालेलं लेकरू पाहून माणसं मुकाट बाहेर पडली आणि नंतर महिनोन् महिने पारावर, वर्गात, स्वयंपाकघरात त्या शेवटाबद्दल बोलत राहिली. करमणूकच हवी असलेला प्रेक्षक असा शेवट पाहून पुन्हा तिकीट काढत नाही, शेजाऱ्यालाही पाहायला सांगत नाही. कठीण गोष्ट लोकांना पेलते, एवढं तरी ‘सैराट’ने सिद्ध केलं. ती त्यांच्या वेळेत, त्यांच्या गावात आणि त्यांना रस वाटेल अशा रूपात यावी लागते.

चित्रीकरण दुसरीकडे, गोष्ट इथली

सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ २००९ सालचा, विदर्भात घडणारा. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केली आहे आणि अलकाच्या मनात धास्ती बसली आहे की आपला नवराही तेच करील. ती त्याला एकटं सोडत नाही, पोराला त्याच्या मागे लावते. त्याच्या प्रत्येक साध्या हालचालीत तिला वेगळाच अर्थ दिसतो. प्रेक्षक हसतो आणि हसताना अस्वस्थ होतो. आत्महत्यांच्या बातम्या आकडे देतात. हा चित्रपट मृत्यू न झालेल्या घराची गोष्ट सांगतो, जिथे माणूस जिवंत आहे पण घर रोज भीत जगतं. परभणीच्या काळ्या रानात ही गोष्ट परकी नाही. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी पोचतं ती गावं सोडली तर कापूस, सोयाबीन, तूर सगळं आभाळाच्या भरवशावर. जूनमध्ये पडलेल्या पावसाने फसवलं तर दुबार पेरणी, आणि दुबार पेरणी म्हणजे बियाण्याचं दुसऱ्यांदा केलेलं कर्ज.

हा चित्रपट पुण्यात पाहिला तर करुणा वाटते. पालम किंवा सोनपेठच्या एखाद्या गावात पाहिला तर त्यातून कामाचे प्रश्न निघतील. आत्महत्या झाल्यावर मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते. शेती कुणाच्या नावावर होती, कर्ज कुठलं होतं, नापिकी होती का, असे निकष तिथे लागतात. सातबारा सासऱ्याच्या नावावर असेल, कर्ज बँकेऐवजी हातउसनं असेल, तर विधवेच्या हाती काय उरतं? शेतात राबणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर का नसतं? चित्रपटातल्या अलकाकडे पाहून हे प्रश्न ज्या बायका विचारू शकतात, त्यांच्यापर्यंत अलका पोचलेलीच नाही.

जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ चंद्रपूर जिल्ह्यातल्या खेड्यात, गावच्याच माणसांना घेऊन केलेला. २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि मार्च २०२५मध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. कापूसवाल्या शेतकऱ्याची मुलगी सविता बी.ए. करते आहे, तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, आणि दर काही दिवसांनी पाहुणे येतात. पाट, पोहे, पुरुषांची रांग आणि तेच प्रश्न: नाव काय, उंची किती, शिक्षण काय, शेतातलं काम येतं का. दिग्दर्शक तो प्रसंग पुन्हा पुन्हा दाखवतो, इतका की शेवटी आपण त्या पाटावर बसलेलो असतो. बापाची अडचणही तो लपवत नाही, कारण कापसाला भाव मिळाला तर लग्न, नाही तर नाही. बाजारभाव आणि लेकीचं लग्न यांची ही गाठ मानवत किंवा सेलूच्या कापूसबाजारात उभ्या असलेल्या कुठल्याही बापाला समजावून सांगावी लागणार नाही. त्याने मात्र आजवर हा विचार पोरीच्या जागी बसून केलेला नसतो. चित्रपट त्याला तिथे बसवतो.

ऊसतोडीचंही तेच. गंगाखेड-पालमच्या बालाघाटी डोंगरपट्ट्यातून दसऱ्यानंतर टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. पाळी, गरोदरपण, आजारपण यांना या हिशेबात जागा नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर अनंत महादेवन यांनी ‘बिटरस्वीट’ हा मराठी चित्रपट केला. २०२० साली तो बुसानच्या महोत्सवात गेला. कोरियातल्या प्रेक्षकाला जी गोष्ट पाहायला मिळाली, ती जिच्यावर बेतली त्या बाईला पाहायला मिळावी यासाठी कुठलीही व्यवस्था आपल्याकडे नाही. याला मी या सिनेमाचं सर्वांत मोठं अपुरेपण मानतो, आणि त्याचा दोष दिग्दर्शकाच्या माथी मारता येत नाही.

प्रश्न आणि उपदेश

सामाजिक सिनेमा म्हटला की पुष्कळांच्या मनात उपदेश येतो: दारू सोडा, मुलगी शिकवा, स्वच्छता पाळा. त्याचा कंटाळा आला असेल तर तो रास्त आहे. विचार करायला लावणारा सिनेमा उपदेश करत नाही. तो माहीत असलेली गोष्ट अशा जागी नेऊन ठेवतो की ती पूर्वीसारखी पाहता येत नाही. मराठीत ही परंपरा जुनी आहे. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ केला. त्यात सावकाराच्या कागदाने जमीन गेलेला शेतकरी गिरणीत मजूर होतो. मूकपटाच्या काळात, पुराणकथांची चलती असताना, कर्ज आणि कागद हा विषय पडद्यावर आला. तो मूकपट असल्याने त्याला बोलता येत नव्हतं, तरी अंगठा उठवताना आपण कशावर उठवतो, हा प्रश्न त्याने विचारला. शंभर वर्षांनंतर कागदाची जागा बायोमेट्रिक यंत्राने आणि पीकविम्याच्या अर्जाने घेतली असली तरी प्रश्न संपलेला नाही.

जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकर यांच्या ‘सामना’त साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदूराव धोंडे पाटील आणि कुठूनसा आलेला दारुडा मास्तर समोरासमोर येतात. मास्तराकडे सत्ता नाही, पुरावा नाही. तो फक्त मारुती कांबळे या माणसाचं काय झालं हे विचारत राहतो. एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला तर सत्तेची झोप उडते, हे निळू फुले आणि श्रीराम लागू यांनी त्या चित्रपटात दाखवून दिलं. हिंदूरावाने गावाला पाणी, रस्ता, रोजगार दिलेला असतो. तरीही त्याला जाब विचारता येतो का? ज्याच्या उपकाराखाली आपण आहोत त्याला प्रश्न विचारण्याचा हा पेच आजही प्रत्येक तालुक्यात जिवंत आहे, आणि त्याचं सोपं उत्तर चित्रपट देत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ सालचा; व्हेनिसला गौरवलेला, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरलेला. नारायण कांबळे या लोकशाहिरावर आरोप असा की त्याच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. ती भूमिका नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. चित्रपटात आरडाओरडा नाही, खलनायक नाही. तारखा पडतात. सरकारी वकील बाई खटला संपवून घरी जातात, स्वयंपाक करतात, कुटुंबाबरोबर नाटक पाहतात. त्या चांगल्या गृहिणी आहेत आणि त्याच हाताने एका म्हाताऱ्याचं आयुष्य फायलीत बंद करत आहेत. अन्याय करायला दुष्ट माणसं लागत नाहीत, सवय पुरते, हे या चित्रपटाचं म्हणणं.

परभणीला हा चित्रपट दूरचा वाटू नये. १० डिसेंबर २०२४ रोजी इथे रेल्वे स्थानकाजवळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं, अटकसत्र झालं, आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असलेल्या एका तरुणाचा मृत्यू झाला. तो कायद्याचा विद्यार्थी होता. अशा वेळी शहर दोन प्रकारे बोलतं: घोषणेत किंवा कुजबुजीत. कोठडी म्हणजे काय, जामीन कसा मिळतो, तारीख का पडते, पोलिसाच्या कामाचा हिशेब कोण घेतं, हे शांतपणे बोलायला तिसरी जागा लागते. ‘कोर्ट’ पाहून बोलायला बसलेली पन्नास माणसं अशी जागा तयार करू शकतात. चर्चेने वातावरण तापेल, अशी भीती प्रशासनाला आणि अनेक भल्या माणसांनाही वाटते. पण न बोलता साठलेलं दुःख थंड होत नाही, हे या जिल्ह्याने पाहिलेलं आहे. तापवतं ते अर्धवट ऐकलेलं. समोरासमोर बसून दोन तास एकच गोष्ट पाहिलेल्या माणसांना निदान कशावर मतभेद आहे हे तरी कळतं.

हातातला पडदा

आता हे सगळं कशाला, मोबाईलवर सगळं मिळतं, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. स्वस्त डेटाने खरोखर मोठं काम केलं. ज्या मुलीला टॉकीजला जाऊ दिलं नसतं ती घरात बसून जगातले चित्रपट पाहू शकते, आणि वाड्या-वस्त्यांवरच्या मुलांनी ‘फँड्री’ पाहिला असेल तर बहुधा याच पडद्यावर. या सोयीला नाकं मुरडणाऱ्यांनी आधी तिच्याआधीची स्थिती आठवावी.

तरीही हा पडदा दोन गोष्टी करू शकत नाही. मोबाईलवर काय दिसावं हे आधी काय पाहिलं त्यावरून ठरतं, त्यामुळे अवघड चित्रपट शोधणाऱ्यालाच सापडतो. न शोधणाऱ्यासमोर तो आपण होऊन येत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ‘फँड्री’त नायकाचा बाप कचरू आणि त्याचं कुटुंब डुकरामागे धावत असतं आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात आणि डुक्कर निसटून जातं. हा प्रसंग एकट्याने पाहिला तर हसू येतं किंवा घशात काही अडकतं, आणि मग पुढचा व्हिडिओ लागतो. तोच प्रसंग वर्गात चाळीस मुलांनी एकत्र पाहिला तर कोण हसलं आणि कोण हसलं नाही हे सगळ्यांना दिसतं. तिथून खरा प्रश्न सुरू होतो. आपल्या हसण्याचा साक्षीदार शेजारी बसलेला असणं, हे एकत्र पाहण्याचं मोल आहे आणि ते खिशातल्या पडद्यावर मिळत नाही.

संवादाची जागा नसली की चित्रपटाचं काय होतं, याचं उदाहरण ‘भोंगा’ देतो. शिवाजी लोटन पाटील यांचा हा चित्रपट एका मुस्लिम कुटुंबातल्या आजारी बाळाची आणि मशिदीच्या भोंग्याची गोष्ट सांगतो; ६६व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. तो बनला तेव्हा त्याचा प्रश्न वस्तीच्या आतला होता: श्रद्धा आणि लेकराची झोप यांत गावाने काय निवडावं? २०२२च्या उन्हाळ्यात तो प्रदर्शित झाला तेव्हा राज्यात भोंग्यांचं राजकारण पेटलेलं होतं, आणि घरातल्या प्रश्नाचा बाहेरच्यांच्या हातातला दगड व्हायला वेळ लागला नाही. याच दिग्दर्शकाचा ‘हलाल’ राजन खान यांच्या कथेवरचा. तलाक आणि हलाला यांत पिचणाऱ्या बाईचा. हजरत तुराबुल हक यांच्या उरुसाला हिंदू-मुसलमान एकत्र लोटतात त्या परभणीत हे दोन्ही चित्रपट मुस्लिम मोहल्ल्यातल्या बायकांनी, पुरुषांनी आणि त्यांच्या हिंदू शेजाऱ्यांनी एकत्र पाहिले असते, तर बोलणं निराळं झालं असतं. ‘आमच्यावर बाहेरून बोट ठेवता’ हा मोहल्ल्याचा आक्षेपही त्यात आला असता, आणि यायलाच हवा होता.

पडद्यापाशी माणूस हवा

सिनेमाने जग बदलतं का, हा शेवटचा आक्षेप. बदलत नाही. ‘सैराट’नंतरही जातीपायी खून झालेच. पण सिनेमा आणि माणसांचं बोलणं एकत्र आलं तर काय होऊ शकतं याचे दाखले आपल्याच देशात आहेत. श्याम बेनेगल यांचा १९७६चा ‘मंथन’ गुजरातेतल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. पटकथा आपल्या तेंडुलकरांची. शेतकरी ट्रक भरभरून आपलाच चित्रपट पाहायला आले. त्यापुढची गोष्ट अधिक शिकण्यासारखी आहे. दूध सहकाराचे धुरीण वर्गीस कुरियन यांनी त्याच्या सोळा मिलिमीटरच्या प्रती देशभर खेड्यांत पाठवल्या आणि प्रतीबरोबर पशुवैद्य, दूध तंत्रज्ञ, चाऱ्याचा जाणकार अशी माणसंही पाठवली. चित्रपट संपला की ती उभी राहत आणि गावाने सहकारी संस्था कशी काढायची हे बोलणं सुरू होई. चित्रपटाने इच्छा जागवली आणि शेजारी बसलेल्या माणसाने तिला वाट दिली.

आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा दुसरा दाखला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली; त्या दुःखात शाहीर विलास घोगरे यांनी जीव दिला. तिथून चौदा वर्षं चित्रीकरण करून घडलेला हा तीन तासांहून लांब माहितीपट. इतका लांब माहितीपट कोण पाहणार, असा प्रश्न धंद्याने विचारला असता. मुंबईच्या वस्त्यांत, चाळींत पडदे बांधले गेले आणि माणसं रात्री उशिरापर्यंत बसून राहिली. त्याआधी फिल्म सोसायट्यांनीही हेच केलं. १९५९ साली सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली त्यांचा महासंघ झाला, १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं आणि तिथल्या सोळा मिलिमीटरच्या प्रती गावोगावच्या मंडळांना मिळू लागल्या. ती चळवळ बहुतेक ठिकाणी शहरी, शिकलेल्या वर्गात राहिली, ही तिची मर्यादा. पण चित्रपटाआधी थोडी ओळख आणि नंतर मोकळी चर्चा, ही तिने घालून दिलेली रीत आजही उपयोगाची आहे.

परभणीकडे काय आहे

या रीतीला परभणीत परकं वाटण्याचं कारण नाही. जनाबाईचं गंगाखेड याच जिल्ह्यात आहे. कीर्तनात अभंग म्हणून झाला की काम संपत नाही; त्याचं निरूपण होतं, दृष्टांत येतात आणि श्रोता तो आपल्या आयुष्याला लावून पाहतो. चित्रपटानंतरची चर्चा त्याच जातीची आहे, फक्त इथे निरूपण एकाऐवजी सगळ्यांनी करायचं असतं. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी तर गाणं, सोंग आणि सवाल-जवाब यांतून खेड्यातल्या माणसाला वाद घालायला शिकवलं. एकत्र बसून ऐकायचं, पाहायचं आणि मग त्यावर बोलायचं, ही सवय या मातीतच आहे.

चौकटीही तयार आहेत. महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं हिवाळ्यात खेड्यांत भरतात. दिवसा श्रमदान आणि संध्याकाळी व्याख्यान असा त्यांचा क्रम असतो. सातांपैकी दोन संध्याकाळी व्याख्यानाऐवजी चित्रपट आणि चर्चा ठेवली तर गाव आणि विद्यार्थी एकाच पडद्यासमोर बसतील. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या १८ मेच्या स्थापनादिनी खरीप मेळाव्याला शेतकरी येतात; बियाणं, खत, हवामान यांच्या जोडीला ‘गाभ्रीचा पाऊस’ दाखवायला काय हरकत आहे? शेतीचा विस्तार म्हणजे केवळ वाणाचा प्रसार नव्हे; ती शेती करणाऱ्या घराच्या मनाचीही काळजी आहे. वाचनालयं, महिला बचत गट, बार असोसिएशन, शाळांचे पालक मेळावे हे सगळे पडद्याचे संभाव्य यजमान आहेत. लागतं काय? प्रोजेक्टर, बरा स्पीकर, पांढरं कापड, हक्कधारकाची रीतसर परवानगी, सेन्सॉरचं प्रमाणपत्र असलेली प्रत आणि बोलणं सांभाळणारा एक माणूस. शेवटची गोष्ट सर्वांत दुर्मीळ आहे. तो माणूस उत्तरं देणारा नको. गप्प बसलेल्या बाईला बोलतं करणारा आणि मोठ्याने बोलणाऱ्याला थोपवणारा हवा.

अशा बैठकींचा फायदा परभणीपुरता राहणार नाही. इथल्या जगण्याचं साहित्य समृद्ध आहे: बी. रघुनाथांनी निझामी राजवटीतल्या मराठवाड्यातल्या माणसांची घुसमट लिहिली, आसाराम लोमटे यांनी आजच्या गावातली सत्ता, जात आणि शेती इतक्या नेमकेपणाने मांडली की ‘आलोक’ला २०१६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सिनेमा मात्र खेडं शोधताना अजूनही बहुधा मुंबई-पुण्याहून निघतो आणि परत जाऊन तिथल्याच प्रेक्षकाला ते दाखवतो. त्यामुळे दिग्दर्शकाला टाळ्या मिळतात, दुरुस्ती मिळत नाही. ‘मुकादम असा बोलत नाही’, ‘पात्र-अपात्र ठरतं तेव्हा तलाठी आधी हे विचारतो’, ‘पाटावर बसलेली पोरगी मनात हे म्हणत असते’ असं सांगणारा प्रेक्षक समोर नसेल, तर सर्वांत प्रामाणिक चित्रपटही दुरून काढलेलं चित्र राहतो. ज्यांच्यावर सिनेमा होतो त्यांना त्याची उलटतपासणी घेण्याचा हक्क आहे. हा हक्क मिळाला तर परभणीला चांगला सिनेमा मिळेल, आणि मराठी सिनेमाला चांगला टीकाकार. निझाम इलाख्याची हद्द व्यापाऱ्यांनी आखली होती, ती त्यांनी हवी तेव्हा बदलावी. बोलण्याची जागा मात्र गावांनाच उभी करावी लागेल, आणि तिच्यासाठी कुठल्याही वितरकाची वाट पाहण्याची गरज नाही.